बडोद्याहून मालदीव: बोटीवर राहून डायव्हिंगच्या आठवड्याची आखणी

बडोद्याला समुद्र नाही. खंबातचं आखात तसं जवळ, पण तिथलं पाणी गढूळ आणि भरतीची ओढ जबरदस्त, त्यामुळे तिथे डायव्हिंगचा विचारही करायचा नाही. इथल्या डायव्हरची बरीचशी तयारी म्हणूनच जमिनीवर होते. लिव्हअबोर्डसाठी तर ती जमिनीवरच पुरी व्हावी लागते. आठवडाभर बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि दिवसाला तीन वेळा पाण्यात उतरायचं. माले मागे पडलं की मास्कचा तुटलेला पट्टादेखील विकत मिळत नाही.

दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या आम्हा मराठी डायव्हर मंडळींचा क्रम आता पक्का झाला आहे: आधी तिथी, मग तब्येत, मग आपण हवा किती खातो त्याचा हिशेब, आणि बोट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आधी बोटीचे फोटो बघून पैसे भरतात. मग कळतं की त्या आठवड्यात प्रवाह आपल्याला झेपणारा नाही, किंवा डॉक्टरांची सही मिळत नाही.

मालदीवच का, याची कारणं साधी आहेत. मुंबईहून थेट विमानानं तीन तासांच्या आसपास प्रवास, भारतीय पासपोर्टवर पोहोचल्यावर विनाशुल्क व्हिसा, आणि पाणी २७ ते ३० अंश. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. व्हिसासाठी वेगळं काही करावं लागत नाही, पण 'इमुगा' हे ऑनलाइन निवेदन विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचं असतं. परतीचं तिकीट आणि बोटीच्या आरक्षणाचं पत्र छापून जवळ ठेवायचं.

आता तारीख. मालदीवला दोन मोसम. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा. ईशान्य मोसमात पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं. महासागराचं स्वच्छ पाणी प्रवाळबेटांच्या कड्यात, म्हणजे अटोलमध्ये, पूर्वेच्या खिंडींतून शिरतं, म्हणून शार्क पाहायचे ते पूर्वेच्या बाजूला. तेच पाणी आतलं प्लवंग घेऊन पश्चिमेला बाहेर पडतं, म्हणून मांटा हे मोठे रे मासे पश्चिमेला. नैर्ऋत्य मोसमात हे सगळं उलटतं. बोटीनं पाठवलेल्या मार्गात त्या महिन्याला कुठली बाजू धरली आहे, हे एवढ्यावरून तपासता येतं. व्हेल शार्क दक्षिण आरी अटोलमध्ये वर्षभर असतो, त्याला मोसमाचं बंधन नाही. बा अटोलमधल्या हनिफारू खाडीत मांटांचे थवे येतात, पण तिथे टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलनं पोहता येतं. 'हनिफारूला डाइव्ह' असं कोणी लिहून दिलं तर त्याची बाकीची माहितीही पुन्हा तपासावी.

दिवाळीची सुट्टी सगळ्यांना सोयीची, पण तेव्हा वारा बदलत असतो आणि पाण्याचा भरवसा नसतो. नवरात्रात बडोदं सोडून कोणी जात नाही. उत्तरायण उरकलं की फेब्रुवारी-मार्च हा आमच्या मते सगळ्यात चांगला काळ: वारा शांत, पाणी नितळ. शाळकरी मुलं असलेल्या घरांना परीक्षा आड येतात, आणि त्यावर काही उपाय नाही.

महिना ठरला की पंचांग काढायचं. मालदीवला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो. तरी कड्याच्या आतलं एवढं पाणी अरुंद खिंडींतून आत-बाहेर करतं, त्यामुळे तिथे प्रवाह जोरात धावतो. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण, अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती-ओहोटी. गटात पन्नासपेक्षा कमी डाइव्ह झालेले लोक असतील तर आठवड्याचा मध्य नवमीच्या आसपास ठेवायचा, म्हणजे साधारण षष्ठी ते द्वादशी. अनुभवी आणि शार्कसाठी आलेल्या लोकांनी पौर्णिमेच्या आसपासचा आठवडा घ्यावा. प्रवाह जेवढा जोराचा तेवढे शार्क खिंडीच्या तोंडाशी जमतात. मोसमी वाऱ्यामुळेही प्रवाह बदलतो, त्यामुळे तिथीवरून सगळं कळत नाही, पण दोन आठवड्यांतून एक निवडायला तिचा चांगला उपयोग होतो.

आगाऊ रक्कम भरण्याआधी तब्येतीची प्रश्नावली. हा फॉर्म जगभर जवळपास सारखाच असतो: दमा, रक्तदाब, मधुमेह, कानाची-सायनसची शस्त्रक्रिया, फिट्स, हृदयाचा त्रास, नेहमीची औषधं. ठरावीक प्रश्नांना 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती नसेल तर बोटीवरचा प्रमुख पाण्यात उतरू देत नाही. बडोद्यात चांगले डॉक्टर भरपूर, पण डायव्हिंगची वैद्यकी रोजची नसल्यानं ते सही करायला कचरतात. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी वेगळी मार्गदर्शक पानं येतात, ती छापून न्यायची. कानाच्या डॉक्टरांकडे मात्र सगळ्यांनीच जावं, 'नाही' लिहिलेल्यांनीही. आठवड्यात अठरा-वीस डाइव्हमध्ये कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवायचा असतो. मेणाचा बोळा किंवा नाकाचा वाकडा पडदा एकदोन डाइव्हमध्ये जाणवत नाही, चौथ्या दिवशी जाणवतो. सर्दी झाली की गोळी घेऊन उतरायचं नाही. औषधाचा असर खालीच ओसरला तर वर येताना सायनसमधली हवा अडकते आणि ते दुखणं भयंकर असतं.

कौशल्याबाबत बोटींची अट साधारण 'ॲडव्हान्स्ड' प्रमाणपत्र आणि तीस ते पन्नास नोंदलेल्या डाइव्ह अशी असते. नुसत्या 'ओपन वॉटर'ला १८ मीटरची मर्यादा आहे आणि खिंडीचं तोंड २५ ते ३० मीटरवर असतं, म्हणून ही अट रास्तच आहे. मालदीवच्या नियमानुसार मनोरंजनासाठी ३० मीटरच्या खाली कोणीच जायचं नाही.

तलावात तीन गोष्टी घोटून घ्यायच्या. एक, बीसीडीतली, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटातली, सगळी हवा आधीच काढून पाण्यात पडायचं आणि लगेच खाली जायचं. प्रवाहात पृष्ठभागावर अर्धा मिनिट रेंगाळलं की खिंड हुकते. दोन, एका जागी तरंगत राहून सिग्नलचा फुगा, म्हणजे एसएमबी, रिळासकट वर सोडायचा. रिळाची दोरी हाताला किंवा बीसीडीला गुंडाळली गेली तर फुगा माणसालाही वर खेचतो, म्हणून रीळ शरीरापासून लांब धरायचं. तीन, मास्क काढून परत घालायचा, तोही तळाला न टेकता.

तलावातलं वजन समुद्रात चालत नाही. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. अंगावरच्या सामानासकट ९० किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात सव्वादोन किलो जास्त लागतं. शिवाय ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होताना सुमारे दोन किलोंनी हलकी होते. सुरुवातीला बेताचं वजन बांधलं तर शेवटच्या थांब्यावर, पाच मीटरवर, माणूस टिकत नाही. वजनाची खरी तपासणी टाकीत ५० बार दाब उरलेला असताना करायची. त्यासाठी सहलीच्या दोन-तीन महिने आधी समुद्रात एक फेरी हवीच. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बडोद्याहून कोकण रेल्वेनं गाठता येतं. रजा आणि पैसे असतील तर अंदमानचं हॅवलॉक जास्त चांगलं.

याच फेरीत हवेचा हिशेब काढायचा. आमच्या अनुभवात लोक या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष देतात आणि त्याचीच किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. दहा मीटरवर सरळ, सावकाश दहा मिनिटं पोहायचं आणि आधीचे-नंतरचे बार लिहायचे. समजा ११.१ लिटरच्या टाकीतून ३२ बार गेले. ३२ गुणिले ११.१ म्हणजे ३५५ लिटर, मिनिटाला साडेपस्तीस. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून पृष्ठभागावरचा आकडा मिनिटाला सुमारे १८ लिटर. आता खिंडीच्या तोंडाशी २८ मीटर धरा. दाब ३.८ बार, म्हणजे मिनिटाला ६८ लिटर. टाकीतले २०० पैकी ५० बार राखीव, उरले १५० गुणिले ११.१, म्हणजे १६६५ लिटर. भागाकार केला की २४ मिनिटं येतात, आणि तीही शांत श्वासाची. प्रवाहाविरुद्ध पाय मारले की खप दुपटीवर जातो. एकाची हवा संपत आली की त्याच्या जोडीदारालाही वर यावं लागतं, म्हणून हा आकडा सगळ्या गटाचा आहे. ज्याचा आकडा अठराच्या वर, त्यानं १५ लिटरची टाकी आरक्षणाच्या वेळीच लिहून मागायची. बोटीवर त्या मोजक्याच असतात आणि पहिल्या दिवशी मागून मिळत नाहीत.

हवा पुरली तरी दुसरी मर्यादा शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनची. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात हवेवर ३० मीटरला विनाथांबा वेळ, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येणारा वेळ, २० मिनिटं. नायट्रॉक्सवर, म्हणजे ऑक्सिजन वाढवून ३२ टक्के केलेल्या हवेवर, तीच खोली शरीराला हवेवरच्या साधारण साडेचोवीस मीटरसारखी लागते, आणि २५ मीटरचा वेळ २९ मिनिटं आहे. दिवसाला तीन डाइव्ह, सलग सहा दिवस, या हिशेबात ती नऊ मिनिटं फार मोठी. म्हणून नायट्रॉक्सचं प्रमाणपत्र नसेल तर ते आधी घ्यावं. अभ्यास बडोद्यात बसून ऑनलाइन होतो.

नायट्रॉक्सची टाकी स्वतः मोजायची, दुसऱ्यानं मोजलेली घ्यायची नाही. मापक आधी साध्या हवेवर २०.९ ला लावायचा, मग टाकीचा व्हॉल्व्ह हलकेच उघडून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. तोंडाशी धसकन हवा सोडली तर आकडा चुकीचा येतो. टाकीच्या पट्टीवर टक्केवारी, कमाल खोली आणि आपली सही. ऑक्सिजनचा दाब १.४ च्या आत ठेवायचा तर ३२ टक्क्यांना साडेतेहतीस मीटरपर्यंत जाता येतं. ३५ टक्के भरले तर नेमके ३० मीटर. ३५ च्या वरचा आकडा दिसला की ती टाकी उथळ डाइव्हला ठेवायची. खोली-वेळ मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवरही तोच आकडा लावायचा. तो 'हवा'वर राहिला तर नायट्रोजनचा हिशेब उगीच कडक होतो, आणि त्याहून गंभीर म्हणजे ऑक्सिजनचा हिशेब होतच नाही.

बोट निवडताना खोल्यांचे फोटो शेवटी बघायचे. कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' ही डायव्हिंगची बोट २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे जळाली आणि ३४ जण गेले. खालच्या झोपायच्या भागातून दोन वाटा होत्या, एक जिना आणि एक झडप. दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होत्या आणि आग तिथेच होती. रात्री कोणी फेरी मारत नव्हतं. लाल समुद्रात जून २०२३ मध्ये 'हरिकेन' नावाच्या बोटीला आग लागून तिघे गेले, नोव्हेंबर २०२४ मध्ये 'सी स्टोरी' बुडाली. ही माहिती भीती घालायला नाही, प्रश्न विचारायला आहे. आम्ही बोटीला लेखी विचारतो: खालच्या केबिनमधून दोन वेगळ्या जागी निघणाऱ्या दोन वाटा आहेत का? रात्री जागा पहारा असतो का? बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, आणि तिथे रात्री कोण बघतं? धुराचे सूचक प्रत्येक केबिनमध्ये आहेत का? ऑक्सिजन किती माणसांना किती वेळ पुरेल? धोणीवर, म्हणजे सोबतच्या छोट्या बोटीवर, रेडिओ आहे का? मालदीवला डाइव्ह मुख्य बोटीवरून नव्हे, धोणीवरून होतात आणि कॉम्प्रेसरही बहुधा तिच्यावरच असतो, त्यामुळे झोपायची बोट शांत राहते. उत्तर टाळणारी बोट स्वस्त असली तरी आम्ही घेत नाही. पोहोचल्या रात्री ती झडप स्वतः उघडून, वर चढून पाहायची. तिच्यावर सामान ठेवलेलं असेल तर तिथल्या तिथे हलवायला लावायचं.

किमतीत काय धरलेलं नाही, हे लिहून घ्यायचं: नायट्रॉक्स, मोठी टाकी, भाड्याचं सामान, इंधनाचा अधिभार, विमानतळावरून ने-आण, बक्षिशी, आणि हरित कर. हा कर १ जानेवारी २०२५ पासून बोटींसाठी माणशी रोज १२ डॉलर आहे, सात रात्रींचे ८४. एकटा माणूस असेल तर केबिनसाठी जादा पैसे पडू शकतात. परदेशी बोटीला थेट पैसे पाठवायचे तर बँकेत ए-२ फॉर्म आणि पॅन. प्रवासी कंपनीमार्फत पॅकेज घेतलं तर वर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वजा मिळतो, पण तोवर रक्कम अडकून राहते, म्हणून हिशेबात धरायची.

विम्याचं एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचायचं. नेहमीच्या प्रवासविम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. पॉलिसीत ३० मीटर, प्रमाणित डायव्हर आणि दाबकक्षातले उपचार हे तिन्ही स्पष्ट शब्दांत हवेत. नाहीतर 'डॅन'सारख्या डायव्हरांच्या संस्थेचा विमा घ्यावा. मालेजवळ बंदोस बेटावर दाबकक्ष आहे. तिथवर पोहोचायला स्पीडबोट किंवा सीप्लेन लागतं आणि खर्च खरा तिथेच होतो.

सामानाबद्दल थोडक्यात. रेग्युलेटरची, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी देणाऱ्या यंत्राची, सर्व्हिसिंग सहलीच्या दोन महिने आधी करून घ्यायची आणि तो तलावात वापरून बघायचा. सर्व्हिसिंगनंतर गळती निघाली तर ती पहिल्या एक-दोन वापरांतच निघते, आणि ती बोटीवर निघू द्यायची नाही. रेग्युलेटर टाकीला जोडायची पद्धत डिन की योक, हे बोटीला विचारायचं. सुट्या भागांच्या डबीत मास्कचा आणि फिनचा पट्टा, माउथपीस आणि ते आवळायला झिप टाय, टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये बसणारी ०१४ मापाची ओ-रिंग, कॉम्प्युटरची बॅटरी. कात्री चेक-इनच्या बॅगेत, रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर हातातल्या. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातच न्यायच्या: १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी. २०,००० एमएएचची पॉवरबँक ७४ वॉट-तास भरते, ३०,००० ची १११. पूजेच्या मूर्ती आणि दारू मालदीवला नेता येत नाहीत. पर्समधली गणपतीची छोटी मूर्ती घरीच ठेवावी.

शाकाहारी मंडळींनी नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही. मालदीवच्या स्वयंपाकाचा पायाच टूना, आणि सुकवलेल्या टूनाचा चुरा भाजीत, चटणीतही जातो. 'मासा, माशाचा चुरा, माशाचा रस्सा, काहीच नको' असं स्पष्ट कळवायचं. सोबत थेपले, मेतकूट आणि लिलो चेवडो असला की मधल्या भुकेची काळजी मिटते. बोट लागत असेल तर सिनारिझिनची गोळी घरी एकदा घेऊन बघायची, झोप किती येते ते कळतं. सुस्ती आणणारी गोळी घेऊन पाण्यात उतरायचं नाही.

बोटीवर दिवस पहाटे सहाला सुरू होतो. पहिली डाइव्ह न्याहारीच्या आधी, दुसरी अकराच्या सुमारास, तिसरी दुपारी, काही संध्याकाळी रात्रीची. वावू अटोलमध्ये अलिमठाला नर्स शार्क जमतात, ती रात्रीची डाइव्ह सोडू नये. पहिल्या दिवशी शांत पाण्यात तपासणीची डाइव्ह असते, वजनाचा शेवटचा हिशेब तिथे जमवायचा.

खिंडीची डाइव्ह पाणी आत येत असतानाच करतात, तेव्हा ते नितळ असतं. बाहेर जाणारं पाणी गढूळ असतं आणि माणसाला महासागरात ढकलतं. धोणी खिंडीच्या बाहेरच्या बाजूला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडते. सगळे एकदम पडतात आणि निळ्या पाण्यातून उतरत कडेशी येतात. तिथे रीफ हुक मेलेल्या खडकात अडकवायचा, जिवंत प्रवाळात कधीच नाही. हुक लागला की बीसीडीत किंचित हवा भरायची, म्हणजे अंग पतंगासारखं दोरीवर तरंगतं आणि खडकाला घासत नाही. सुटण्याआधी तीच हवा काढायची. हे विसरलं तर हुक सुटताच माणूस वर उडतो. १०० बार झाले की गाइडला खूण, मग प्रवाहाबरोबर आत वाहत हळूहळू उथळ यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं, आणि फुगा सोडून वर. फुगा प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, कारण वाहताना जोड्या फुटतात.

शेवटची डाइव्ह आणि विमान यांत आम्ही चोवीस तास ठेवतो. अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास सांगितले जातात. परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशीची पहिलीच डाइव्ह शेवटची. मुंबईहून बडोद्याला गाडीनं आलं तर उंचीचा प्रश्न नाही, पण उतरल्या उतरल्या सापुतारा किंवा अबू करायचा बेत दोन दिवस पुढे ढकलावा.

घरी आल्यावर रेग्युलेटर पुन्हा एकदा गोड्या पाण्यात बुडवायचा. पहिल्या टप्प्याची टोपी कोरडी करून घट्ट लावलेली हवी आणि पर्जचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत जातं. बीसीडीच्या पिशवीत पाणी भरून, हलवून, उलटी करून काढायचं. वेटसूट सावलीत वाळवायचा. बडोद्याच्या मार्चच्या उन्हात गच्चीवर टाकला तर निओप्रिन लवकर कडक होतं. वाळल्यावर तो घडी न घालता रुंद हँगरवर लटकवायचा, आणि कॉम्प्युटरमधल्या नोंदी वहीत उतरवून घ्यायच्या, कारण पुढची बोट पहिल्यांदा तीच वही मागते.